स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००५: घरी आल्यापासूनच्या कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

गाडी आली एकदाची. लाल रंग, एमएच-०४ पासिंग, मीटरवर ९४,३१२. १.८ टर्बो, १७८१ सीसी, चार सिलेंडरला मिळून वीस व्हॉल्व्ह, दीडशे हॉर्सपॉवर, पाच गिअर मॅन्युअल. मी कॉलेजला असताना तलावपाळीला संध्याकाळी अशीच एक लाल आरएस उभी असायची, आम्ही पाणीपुरी खायच्या निमित्ताने तिच्या शेजारी उभे राहायचो, आणि तेव्हापासून डोक्यात होतं की कधीतरी घेईन तर हीच. मालक नौपाड्यातले, रिटायर झालेले, त्यांनी स्वतः चालवलेली आणि सांभाळलेली. किल्ल्यांबरोबर एक जाड फाइल दिली, पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं तारखेप्रमाणे लावलेली. मला विचाराल तर व्यवहारात ती फाइलच सगळ्यात महाग वस्तू होती.

आईचं म्हणणं होतं आणायची तर दसऱ्यालाच आणायची, म्हणून आठ दिवस थांबलो. झेंडूचा हार, आपट्याची पानं, नारळ झाला, आणि आईने पाट मांडून माझा पान्यांचा सेट, टॉर्क रेंच आणि जॅकलाही हळदकुंकू लावलं. मला ते फार बरं वाटलं, कारण पुढचे काही महिने त्यांच्यावरच आहेत.

रात्री फाइल वाचत बसलो. टायमिंग बेल्टचं, म्हणजे क्रँकच्या तालावर व्हॉल्व्ह उघडमिट करवणाऱ्या पट्ट्याचं, शेवटचं बिल २०१६ चं, ७८,१०० किलोमीटरला. म्हणजे त्यानंतर आठ वर्षांत गाडी जेमतेम सोळा हजार चालली. ज्याला सांगतोय तो म्हणतो अरे वा, कमी चाललीये, चांगलं आहे. मला ते तसं वाटत नाही. लोखंड किलोमीटरने झिजतं पण रबर आणि प्लास्टिक वर्षांनी मरतं, आणि ठाण्याच्या उन्हाळ्यात आणि खाडीच्या दमट हवेत उभ्या गाडीचं जरा लवकरच. त्यामुळे ठरवलंय की पॉवर वाढवायचं नाव आत्ता काढायचं नाही, आधी गाडी जशी शेंद्र्याच्या फॅक्टरीतून बाहेर पडली तशी व्हायला पाहिजे. एका वेळी एकच काम, कामाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून ठेवायचे.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सातला सोसायटीच्या स्टिल्टमध्ये खाली उतरलो, गाड्या निघायच्या आत तपासणी. केबल लावून स्कॅन केला तर दोन कोड: १७७०५, म्हणजे टर्बो आणि थ्रॉटलच्या मधे कुठेतरी प्रेशर पडतंय, आणि १७५४४, म्हणजे मिक्श्चर लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) जास्तीचं पेट्रोल घालावं लागतंय. स्कॅनरच्या मेझरिंग ब्लॉक ०३२ ला फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमीजास्त करतोय ते, बघितलं; आयडलचा (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतानाचा) आकडा +६.४ टक्के. म्हणजे मीटर न झालेली हवा कुठून तरी आत शिरतेय. दोन्ही कोड एकाच दिशेला बोट दाखवतात, होज, म्हणजे रबरी नळ्या.

कूलंट मिनच्या रेषेच्या खाली. रंग फिकट गुलाबी, कोणीतरी वेळोवेळी नळाचं पाणी घातलेलं असणार. डिस्टिल्ड वॉटर घालून मधोमध आणलं आणि टाकीवर काळ्या मार्करने त्या पातळीला रेघ मारली, बाजूला तारीख. टायर २०५/५५ आर१६, नक्षी भरपूर शिल्लक पण बाजूच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे २३१४, म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातले. दहा वर्षांचे टायर. नक्षी बघून कोणी फसू नये, हे टायर जाणार. तोपर्यंत हायवेला नाही न्यायची.

२० ऑक्टोबर, रविवार

ऑइल. वागळे इस्टेटला ज्या काकांकडे मी आधीच्या गाडीचं काम करायचो त्यांच्याकडे लिफ्ट आहे आणि रविवारी ते मला एक बाजू वापरू देतात, मदतीला स्वतः येतात. मी म्हटलं काका, नुसतं ऑइल नाही बदलायचं, चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवून आतली गाळणी बघायचीय. ते म्हणाले, "उतरव, पण सिलिकॉन लावून एक रात्र गाडी इथेच राहील, घाई करायची नाही." या इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या चेंबरला पॅकिंग नसतं, सीलंटवर बसतं, म्हणून.

ही गाळणी का बघायची ते लिहून ठेवतो, कारण फाइलमध्ये एकाही बिलात तिचा उल्लेख नाही. १.८ टर्बोत ऑइल थोडंच असतं, साडेचार लिटरच्या आसपास, आणि टर्बोच्या उष्णतेने ते लवकर जळतं. स्वस्तातलं मिनरल ऑइल घातलं किंवा बदलायला उशीर केला की त्याची काजळी होते, ती काजळी पपडी होऊन सुटते आणि पंपाच्या तोंडावरच्या जाळीत जाऊन बसते. मग वर हेडला आणि टर्बोला ऑइल कमी पडायला लागतं, आणि डॅशबोर्डवर दिवा लागेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

चेंबर निघाला, तळाशी दोन मिलिमीटरचा काळा थर, चमच्याने काढला तर श्रीखंडासारखा घट्ट. जाळी हातात घेऊन दिव्यासमोर धरली, साधारण तिसरा हिस्सा बंद होता. चहाच्या पावडरीएवढे काळे कण, काही बोटात चुरडले जात होते, काही काचेसारखे कडक. धातूचा कण एकही नाही, चुंबक फिरवून बघितलं, कपड्यावर पसरून उन्हात बघितलं. इथे मी खरंच सुटकेचा श्वास सोडला. नवीन पिकअप पाइप आणि जाळी आधीच मागवून ठेवली होती ती बसवली, ओ-रिंग नवीन, ड्रेन नटचा वायसर नवीन.

दुसऱ्या दिवशी ऑफिसवरून परत येताना व्हीडब्ल्यू ५०२.०० (फोक्सवॅगनच्या मानकाचं) ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक भरलं. प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून गरम इंजिनवर २००० आरपीएमला मोजलं, ३.६ बार. उत्तम. हे ऑइल हजार किलोमीटरवरच काढणार, ते आतलं उरलंसुरलं धुवायला घातलंय असं समजायचं. जुनं ऑइल कॅनमध्ये काकांकडेच ठेवलं, त्यांच्याकडून ते रिसायकलवाला घेऊन जातो.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

आज काम करायचा विचार नव्हता. ताई आणि भाऊजी डोंबिवलीहून आले, ओवाळून झालं, मग ताई म्हणाली नवीन गाडीत चक्कर तरी मारून आण. उपवनपर्यंत गेलो आणि आलो. पार्किंगमध्ये उतरल्यावर ती बॉनेटजवळ थांबली आणि म्हणाली, "अरे, हिला पाकासारखा वास येतोय, गुळाचा पाक जरा लागला की येतो ना तसा." मला तीन आठवड्यात तो वास जाणवला नव्हता किंवा सवय झाली होती. पण तिचं नाक आमच्या घरात प्रमाण आहे. गोड वास म्हणजे कूलंट.

टाकी बघितली तर मार्करच्या रेघेपासून बोटभर खाली. खाली जमिनीवर एक थेंब नाही, म्हणजे गरम जागेवर पडून तिथेच उडून जात होतं. भाऊजींनी मोबाइलचा टॉर्च धरला, मी ताईच्या पर्समधला छोटा आरसा घेऊन इंजिनच्या मागे घातला, आणि सापडलं. हेडच्या डाव्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बरोबर वर, कूलंटची नळी जोडायचा काळ्या प्लास्टिकचा फ्लँज असतो, त्यातच टेंपरेचर सेन्सर बसतो. त्याच्या सांध्याभोवती गुलाबी पांढरट खरवड जमलेली, नखाने उकरली तर मिठासारखी सुटली. तिथून एक ओघळ गिअरबॉक्सच्या कव्हरवर गेलेला, वाळून चकचकीत झालेला.

वीस वर्षं त्या प्लास्टिकने गरम पाणी सोसलंय, त्याला काय बोल लावायचा. पट्ट्याच्या कामाला कूलंट काढायचंच आहे, तेव्हाच हे बदलायचं. तोवर दर दोन दिवसांनी पातळी बघायची.

१६ आणि १७ नोव्हेंबर, शनिवार-रविवार

टायमिंग बेल्ट. या सगळ्या यादीतलं हे एकच काम असं आहे की जे पुढे ढकललं असतं तर मला झोप लागली नसती. इंटरफिअरन्स इंजिन आहे, म्हणजे पट्टा तुटला की पिस्टन वर येतो आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह त्याच्या डोक्यावर आपटतात, आणि इथे सिलेंडरमागे पाच आहेत. अर्ध्या सेकंदात हेड खलास. दीड लाखाच्या कामापासून वाचायला साडेचौदा हजाराचं किट, यात विचार करण्यासारखं काहीच नाही.

काकांनी आधी किट उघडून टेबलावर मांडायला लावलं. पट्टा, टेन्शनर रोलर, हायड्रॉलिक डॅम्पर (पट्टा ताणून धरणारा), वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप. मी वेगळे आणलेले: थर्मोस्टॅट, तो फ्लँज ओ-रिंगसकट, चार वायरचा टेंपरेचर सेन्सर, फॅनबेल्ट, आणि इंजिन माउंटचे नवे बोल्ट. ते बोल्ट ताण देऊन आवळायचे असतात, एकदा वापरले की परत वापरायचे नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच परत लावले जातात.

गाडीच्या उजव्या बाजूचं चाक आणि आतलं कव्हर काढलं, चेंबरखाली लाकडाची फळी ठेवून जॅकने इंजिन पेललं, मग माउंट सोडवलं. जागा फार अरुंद, हाताच्या पाठीचं कातडं गेलंच. इंजिन पहिल्या सिलेंडरच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणून खुणा जुळवल्या आणि तरीही पांढऱ्या पेंटने पट्ट्यावर आणि दोन्ही पुलींवर माझ्या स्वतःच्या खुणा केल्या, दात मोजून दोनदा लिहिले.

डॅम्पर दाबायची पद्धत बघण्यासारखी आहे. त्यात एम५ चा स्टड घालायचा, वर वायसर आणि नट, आणि नट आवळत गेलं की डॅम्पर आत बसत जातो. आत ऑइल आहे, ते बारीक भोकातून सरकायला वेळ लागतो, म्हणून एक फेरा आवळायचा आणि थांबायचं, परत एक फेरा. काका बाजूला उभे राहून म्हणत होते, "थांब. आता दे. थांब." दामटून आवळलं तर आतलं सील जातं आणि नवा डॅम्पर पहिल्याच दिवशी निकामी. भोकं समोर आली की पिन घालून लॉक करायचा.

जुना पट्टा काढून उलटा वाकवला. वरून बघताना अगदी बरा दिसत होता, छापलेली अक्षरंसुद्धा वाचता येत होती. पण उलटा वाकवल्यावर दातांच्या मुळाशी बारीक भेगा, नख अडकेल एवढ्या, ओळीने सात-आठ दातांना. सोळा हजार किलोमीटरचा पट्टा! तो मी फेकला नाही, फाइलमध्ये त्याचा एक तुकडा कापून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय, पुढे कोणी किलोमीटरचा हिशोब सांगायला आला की दाखवायला.

वॉटर बॉडीचा पंखा प्लास्टिकचा होता, शाफ्टच्या भोवती केसासारखी चीर गेलेली, दोन बोटांनी धरून पिळलं तर पंखा शाफ्टवर किंचित सरकत होता. वेगात तो शाफ्टवर घसरला असता आणि पाणी फिरायचं थांबलं असतं. नवीन मेटलच्या पंख्याची घातली. फ्लँज काढताना जुन्याचा कान हातातच आला. हेडची जागा स्कॉचब्राइटने हलक्या हाताने साफ केली, पॉलिश पेपर मुद्दाम वापरला नाही, अॅल्युमिनियम मऊ असतं आणि ओरखडा पडला की परत गळती. थर्मोस्टॅट ८७ डिग्रीचा, तसाच.

पट्टा चढवला, पिन काढली, आणि मग स्टार्टर नाही मारायचा, क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचे. कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही. माझा पहिला फेरा फार सावकाश झाला. दुसऱ्या फेऱ्याच्या शेवटी वरची आणि खालची दोन्ही खुणा बरोबर समोर. काकांनी वाकून बघितलं आणि नुसती मान हलवली, त्यांची तेवढीच शाबासकी असते.

जी१२ जातीचं गुलाबी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं. त्याआधी साध्या डिस्टिल्डने तीनदा धुतलं, तिसऱ्यांदा स्वच्छ निघालं. हिरव्या कूलंटमध्ये हे मिसळायचं नाही, आत चिखल होतो. हीटर फुल गरमवर ठेवून हवा काढली, पंखा दोनदा चालू होऊन बंद झाला तोपर्यंत थांबलो. टाकीवर नवीन रेघ, नवीन तारीख.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि रिकाम्या रस्त्याने गायमुखपर्यंत जाऊन आलो. तापमानाचा काटा नव्वदच्या खुणेवर जाऊन बसतो आणि हलत नाही. कूलंट रेघेवर. सुरू करताना येणारा टेन्शनरचा खडखडाटही गेला, मला वाटलं होतं तो चेनचा आहे.

१ डिसेंबर, रविवार

होजचं काम, आणि या कामात मला सगळ्यात जास्त मजा आली.

या इंजिनाभोवती किती रबरी नळ्या आहेत ते वरचं कव्हर काढल्याशिवाय कळत नाही. टर्बोपासून इंटरकूलर (हवा गार करणारा), तिथून थ्रॉटल, हे मोठे पाइप, आणि मॅनिफोल्डच्या खाली ब्रीदरच्या (इंजिनच्या पोटातली वाफ काढणाऱ्या) आणि व्हॅक्युमच्या नळ्यांचं जाळं, वनवे व्हॉल्व्ह, टी, एल्बो. एकालाही हात लावला की कळतं. चांगलं रबर दाबलं की परत येतं. इथल्या अर्ध्या नळ्या दाबल्यावर तशाच राहत होत्या, ऑइलने फुगून मऊ झालेल्या, आणि उरलेल्या पापडासारख्या.

आधी प्रेशर टेस्ट. टर्बोच्या तोंडाला बसेल असं पीव्हीसीचं एंड कॅप घोडबंदरच्या प्लंबिंगच्या दुकानातून आणलं, त्याला टायरचा व्हॉल्व्ह बसवला. ब्रीदरचा मार्ग बंद केला, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये जाऊन सील ढकलते. पंपाने हळूहळू दहा पीएसआय भरले. गळती कान देऊन ऐकू येते पण जागा सापडत नाही, म्हणून स्प्रेच्या बाटलीत भांड्याचा साबण आणि पाणी. एक जागा लगेच सापडली, थ्रॉटलला जाणाऱ्या होजच्या खालच्या अंगाला क्लिपच्या बाजूला इंचभर चीर, तिथे जिलबीएवढे फुगे. दुसरी मॅनिफोल्डच्या खाली, ब्रीदरच्या वनवे व्हॉल्व्हजवळचा एल्बो, हात घातल्यावर दोन तुकडेच झाले.

मग डायव्हर्टर व्हॉल्व्ह. गिअर बदलताना थ्रॉटल मिटतं तेव्हा टर्बोने ढकललेली हवा परत आत वळवायचं काम त्याचं. काढून हातात घेतला, आतला पिस्टन बोटाने दाबला, वरच्या नळीवर अंगठा ठेवला आणि बोट सोडलं. आतला पडदा धडधाकट असेल तर पिस्टन तिथेच थांबतो, अंगठा काढला की सुटतो. माझा अंगठा दाबलेला असतानाच टप्पकन परत आला. पडदा फाटलेला. दोन हजार रुपयाच्या आतबाहेरची वस्तू आणि गाडीचा निम्मा जीव त्यात. नवीन बॉशचा ७१०एन घातला, हा माझा या गाडीवरचा पहिला अपग्रेड म्हणायला हरकत नाही, जरी दिसायला तसाच असला तरी.

मोठ्या होज सिलिकॉनच्या घेतल्या, ब्रीदरच्या मात्र ऑइल सोसणाऱ्या रबराच्याच, साध्या सिलिकॉनमधून ऑइल पाझरतं. इंजिनच्या बाजूची पेट्रोलची नळीसुद्धा बदलली, ई२० ला चालणारी. पंपावर आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल आहे आणि २००५ च्या रबराला ते मानवेल याची मी वाट बघत बसणार नाही.

कोड पुसले, पन्नास किलोमीटर चालवली, ब्लॉक ०३२ ला आयडल +०.८. आणि गाडी! कापूरबावडीच्या फ्लायओव्हरच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारच्या जरा खाली पाय दिला आणि ती न अडखळता एका दमात वर गेली. दीडशे घोडे सगळे होतेच, अर्धे वाटेतच गळत होते.

८ डिसेंबर, रविवार

प्लग आणि कॉइल. प्लग एनजीके, गॅप ०.८ मिलिमीटर. प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या कॉइल चारही एकदम बदलल्या. दोन दिवसात गाडी मिसिंग मारायला लागली, कोड १६६८७, तिसऱ्या सिलेंडरचं मिसफायर. तिसरी कॉइल काढून पहिल्यावर लावली, पहिलीची तिसऱ्यावर, आणि कोड १६६८५ झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर पहिल्या सिलेंडरला गेला. कॉइल डुप्लिकेट निघाली. खोका हुबेहूब, पण कनेक्टरच्या प्लास्टिकवर साच्याची कड खरखरीत राहिलेली आणि तळाचं रबर बोटाला पावडर सोडत होतं. ज्या दुकानातून घेतली त्यांनी बदलून द्यायला नकार दिला. जुन्यातली तिसरी परत लावली, ठणठणीत चालली. इथून पुढे इलेक्ट्रिकल पार्ट बिलाशिवाय घ्यायचा नाही, आणि जुना चालू पार्ट फेकायचा नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

ब्रेक आणि टायर. पॉवरच्या आधी ब्रेक हे मी मनाशी पक्कं केलंय.

ब्रेक फ्लुइड चहासारखं तपकिरी. हे हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० डिग्री धरलाय, ओल शिरल्यावर तोच १५५ पर्यंत येतो, आणि घाट उतरताना कॅलिपरजवळ फ्लुइड उकळलं की पेडल सरळ जमिनीला. दोन वर्षांनी बदलायचंच, फाइलमध्ये शेवटची नोंद २०१९ ची. पुढच्या कॅलिपरच्या पिना सुकलेल्या होत्या, साफ करून ग्रीस. मागच्या कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, दाबता दाबता फिरवावा लागतो कारण हँडब्रेकची यंत्रणा आतच आहे, जोर केला तर कॅलिपर गेला. स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप आणि जरा वरच्या दर्जाचे पॅड लावले. भाऊजी पेडलवर बसले, मी खाली, "दाबा... धरा... सोडा" करत चारही चाकांची हवा काढली, लिटरभर फ्लुइड गेलं. आता पेडल वरच्या वरच कडक लागतं.

टायर चारही नवीन, त्याच साइजचे. मोठं व्हील बघायला छान दिसतं पण घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाने जे रस्ते झालेत त्यावर उंच साइडवॉलच पाहिजे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पुढच्या लोअर आर्मचे मागचे बुश फाटलेले, ब्रेक मारला की स्टिअरिंग उजवीकडे ओढायचं ते यामुळे. बुश, लिंक रॉड, स्ट्रटचे वरचे माउंट. यातली कळीची गोष्ट अशी की बुशचे बोल्ट गाडी लटकलेली असताना फक्त हाताने लावायचे आणि शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावर. नाहीतर बुश कायम पिळलेलाच राहतो आणि वर्षात फाटतो. अलाइनमेंट केलं. मानपाड्याचा तो खड्ड्यांचा पट्टा आता दात न आवळता पार होतो.

खालच्या इंजिन माउंटला पॉलियुरेथेनचा इन्सर्ट घातला, शंभर-दोनशे रुपयाचं रबर आणि दहा मिनिटांचं काम. पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला धक्का गेला, आयडलला सीटमध्ये थोडी थरथर आली. आईला जाणवली, मला चालते.

२६ जानेवारी, रविवार

माळशेज. पहाटे पाचला निघालो, कल्याण, मुरबाड, टोकावड्याला चहा. थंडी होती, म्हणजे टर्बोला गार दाट हवा. घाटात तिसरा आणि दुसरा, फोन बाजूला लावून कूलंटचं तापमान लाइव्ह बघत होतो, वर चढताना ९४ च्या पुढे गेलं नाही. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात स्टिअरिंग सांगतं पुढच्या चाकांना किती पकड आहे, आणि सरळ होताना पाय देत गेलं की ती हलक्या शिट्टीसारखा आवाज करत उठते. एवढ्यासाठी वीस वर्षं थांबलो होतो. उतरताना मुद्दाम थोडे जास्त ब्रेक वापरले, पेडल खालपर्यंत तसंच कडक.

घरी येऊन दोन तास थांबलो आणि मगच बॉनेट उघडलं. कूलंट रेघेवर. फ्लँजभोवती पांढरा कपडा फिरवला, कोरडा निघाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

ओळखीचे सगळे विचारतात रिमॅप कधी. या इंजिनात नुसत्या सॉफ्टवेअरने बरीच पॉवर वाढते हे खरं आहे. पण क्लच अजून फॅक्टरीचा आहे, टर्बोचा ऑइल फीड पाइप बदलायचा राहिलाय, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी मनाने बदलता येत नाही. नोंदणी मे महिन्यात संपतेय, पंधरा वर्षांनंतरचं पाच वर्षांचं रिन्यूअल, आरटीओत गाडी नेऊन दाखवायचीय. ज्या इन्स्पेक्टरसमोर ती उभी राहील त्याला ती जशी कागदावर आहे तशीच दिसली पाहिजे, आणि मलाही सध्या तशीच आवडतेय.

तोपर्यंतची कामं: ऑइल फीड पाइप, गिअर ऑइल, एसीचा ड्रेन पाइप पावसाच्या आत साफ, दारांची रबरं, नवीन नंबर प्लेट. ९७,००० ला पुढचं ऑइल.

रात्री जेवण झाल्यावर आई म्हणाली खाली चाललोच आहे तर कचरा घेऊन जा. कचरा टाकला, बॉनेट उघडलं, टॉर्च मारला. १७ नोव्हेंबरची रेघ, पाणी रेघेला.